रॉटवायलरच्या पुढच्या पायाला हाडाचा कॅन्सर, पाय काढायचा का? घरात एकमत होत नाहीये

गोदाकाठ
शनिवार, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. इथे कुत्री पाळलेले बरेच जण आहेत म्हणून विचारतेय. लांबलंय, पण प्लीज पूर्ण वाचा.

आमचा भीमा, रॉटवायलर, ८ वर्षांचा, वजन ४७ किलो. गणपतीच्या सुमारास डाव्या पुढच्या पायाने किंचित लंगडायला लागला. गच्चीवरून उडी मारली असेल, मुरगळला असेल असं आम्हालाही वाटलं आणि जवळच्या डॉक्टरांनाही. पाच दिवस मेलॉक्सिकॅम (दुखणं-सूज कमी करणारी गोळी) दिलं, छान चालायला लागला, गोळी संपली की परत लंगडणं. असे तीन आठवडे गेले. मग मनगटाच्या जरा वर सूज दिसली, दाबली तर मऊ नाही, दगडासारखी, आणि हात लावला की तो हात चाटून बाजूला करायचा. आठ वर्षांत कधी गुरगुरला नाही आमच्यावर, तेव्हाही नाही गुरगुरला, फक्त पाय ओढून घेतला.

दुसऱ्या डॉक्टरांकडे एक्स-रे काढला. हाड उंदराने कुरतडल्यासारखं दिसतंय आणि बाहेरच्या बाजूने काटे फुटल्यासारखं. सुई टाकून नमुना घेतला, त्यात ऑस्टिओसार्कोमाची, म्हणजे हाडाच्या कॅन्सरची दाट शक्यता असा रिपोर्ट. छातीचा एक्स-रे स्वच्छ आहे म्हणाले. रक्त ठीक, किडनी-लिव्हर ठीक.

डॉक्टर म्हणतायत पाय खांद्याच्या पात्यासकट काढावा लागेल आणि नंतर केमो. ऑपरेशनचे साठेक हजार धरा, केमोचे वेगळे. पैशाचं आम्ही बघू कसंतरी, प्रश्न तो नाहीये.

प्रश्न हा की घरात तीन मतं आहेत. नवरा म्हणतो लगेच करू. सासूबाई रडतात आणि काहीच बोलत नाहीत. सासरे अजिबात तयार नाहीत. ते म्हणतात एवढं जड जनावर पुढचा पाय गेला की उभं राहणार नाही, मुक्या जीवाला लुळं करून जगवणं हे आपल्या हौसेसाठी आहे, त्याच्यासाठी नाही. त्यांनी लहानपणी गावाकडे पाय मोडलेला बैल बघितलाय, तो उठू न शकता कसा गेला ते ते अजून सांगतात आणि सांगताना त्यांचा आवाज बदलतो. भीमाला रोज सकाळी फिरवणारे तेच आहेत, त्यामुळे त्यांचं बोलणं उडवून लावावंसं मला वाटत नाही.

आणि मला स्वतःला कळत नाहीये. ४७ किलो, पुढचा पाय, घरभर गुळगुळीत टाइल्स. कॅन्सर छातीत जाणारच असेल तर हे सगळं करायचं का? ज्यांनी केलंय त्यांनी सांगा, ज्यांनी नाही केलं त्यांनीही सांगा. दिलासा नको, खरं काय झालं ते हवंय.


डेक्कनचा_रॉकी
रविवार, सकाळी ७:१५

ताई, वाचून पोटात कालवलं. आम्ही केलंय म्हणून सगळं लिहितो, चांगलं आणि वाईट दोन्ही.

आमचा रॉकी जर्मन शेफर्ड, ९ वर्षांचा, ३८ किलो. त्याचा मागचा पाय, गुडघ्याच्या वरचं हाड. म्हणजे तुमच्यापेक्षा सोपी केस, हे आधीच सांगतो, कारण कुत्र्याचं ६० टक्के वजन पुढच्या दोन पायांवर असतं.

पहिले तीन दिवस फार वाईट होते. मी तयार नव्हतो ह्याला, कुणी सांगितलंच नव्हतं. घरी आणला त्या रात्री तो तासन् तास एका सुरात कण्हत होता, डोळे उघडे पण ओळख नसल्यासारखे, बायको म्हणाली आपण काय करून बसलो. डॉक्टरांना रात्री दीडला फोन केला, ते म्हणाले त्यातलं बरंचसं भुलीच्या आणि तीव्र वेदनाशामक औषधांच्या अमलामुळे असतं, उतरेल. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत उतरलं. जखम बघून घाबरू नका, पोटापर्यंत जांभळं-काळं होतं आणि टाक्यांच्या खाली पाण्यासारखी सूज येते, आमची आठवड्याभरात आपोआप बसली. पहिल्या दिवशी वीसेक तास सू केली नाही, नर कुत्रा, पाय वर करायची सवय, त्याला तोलच कळेना. मग मी जुना टॉवेल पोटाखालून घेऊन धरला आणि पारिजातकाच्या झाडापाशी नेला तेव्हा केली. चौथ्या दिवशी मी दुधाची पिशवी घ्यायला दार उघडलं आणि हा माझ्या आधी बाहेर.

टाइल्सचं ऐकाच माझं. ऑपरेशनच्या आधी मॅट टाका, नंतर नाही. आम्ही जिममध्ये असतात ती रबरी मॅट आणली, तो जिथे झोपतो तिथून पाण्याच्या भांड्यापर्यंत, तिथून दारापर्यंत, अशी वाट केली. सतरंजी, गोधडी, पायपुसणं हे सगळं टाइल्सवर सरकतं, ते सगळ्यात धोक्याचं. पंज्याखालचे केस आणि नखं कापून ठेवा. भांडं विटांवर ठेवून छातीच्या उंचीला आणा, पुढचा पाय नसला तर खाली वाकून खाताना तोंडावर पडतात.

केमो कार्बोप्लॅटिन, दर ३ आठवड्यांनी, एकूण ४ डोस. माणसांच्या केमोची भीती डोक्यात होती तसं काही झालं नाही. केस गेले नाहीत, दुसऱ्या डोसनंतर दोन दिवस जेवला नाही, आणि एकदा पांढऱ्या पेशी कमी आल्या म्हणून डोस आठवडाभर पुढे ढकलला. केमोनंतर दोन-तीन दिवस सू-शी साफ करताना ग्लोव्हज घालायला सांगितलेलं.

१३ महिने मिळाले. त्यातले पहिले दहा-पंधरा दिवस आणि शेवटचे तीन आठवडे सोडले तर तो रॉकीच होता, मांजरांमागे पळणारा, पावसात मुद्दाम भिजणारा. शेवटी फुप्फुसात गाठी आल्या. खोकला नाही फारसा, फक्त जिना चढताना मध्येच थांबून बसायला लागला. त्याला घरीच झोपवलं, सोसायटीतली सगळी पोरं आली होती.

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, परत वेळ आली तर करेन.


पशुवैद्य_सातारा
रविवार, दुपारी २:०५

मी पशुवैद्यक आहे, सर्जरी करतो. भीमाला तपासलेलं नाही त्यामुळे तुमच्या डॉक्टरांचा शब्द माझ्या वर. पण काही गोष्टी नीट समजल्या तर निर्णय सोपा होतो.

आधी सासऱ्यांच्या बैलाबद्दल, कारण ते चुकीचं बोलत नाहीयेत. बैल किंवा घोडा तीन पायांवर सहसा तगत नाही. शेकडो किलो वजन, आणि एका पायावर जास्त भार आला की त्या चांगल्या पायाचा खूरच निकामी होतो, जनावर बसतं ते उठत नाही. त्यांनी बघितलं ते खरं आहे. पण कुत्र्याचं शरीर वेगळं, वजन वेगळं, पंजा गादीसारखा, आणि तो दिवसातले कितीतरी तास आडवाच असतो. पन्नास-साठ किलोची कुत्री तीन पायांवर चाललेली मी स्वतः पाठवली आहेत. त्यांना हे असंच सांगा, त्यांचा अनुभव खोटा पाडून नको.

आता आजाराबद्दल. हा कुत्र्यांमधला हाडाचा सगळ्यात जास्त आढळणारा कॅन्सर, मोठ्या जातींत जास्त: रॉटवायलर, ग्रेट डेन, सेंट बर्नार्ड, जर्मन शेफर्ड, लॅब्रेडॉरमध्येही. पुढच्या पायात मागच्याच्या जवळपास दुप्पट. मनगटाच्या वरची जागा ही त्याची अगदी ठरलेली जागा. छाती स्वच्छ आली म्हणजे तिथे काही नाही असं धरू नका. एक्स-रेवर साधारण अर्धा-पाऊण सेंटिमीटरच्या वरची गाठच दिसते, आणि निदान होतं तेव्हा ९० टक्क्यांच्या आसपास कुत्र्यांत सूक्ष्म पेशी आधीच पसरलेल्या असतात. त्यामुळे पाय काढल्याने कॅन्सर बरा होतो असं मी कुणालाच सांगत नाही.

पाय काढतो तो वेदनेसाठी. आतून हाड पोखरलं जात असतं, ती वेदना दातदुखीसारखी चोवीस तासांची असते आणि कुत्रं ती लपवतं. जेवतोय, शेपटी हलवतोय म्हणजे दुखत नाही असं मालक मला रोज सांगतात. रात्री जागा बदलत राहतो का, धापा टाकतो का, एकटाच कोपऱ्यात जातो का ते बघा. आणि एक दिवस ते पोखरलेलं हाड साध्या पायरीवर मोडतं. ते प्लास्टरने जुळत नाही. त्या अवस्थेत रात्री दोन वाजता निर्णय घ्यावा लागतो.

आकडे असे. नुसता पाय काढला, केमो नाही, तर मिडियन ४ ते ५ महिने. पाय आणि केमो दोन्ही, तर १० ते १२ महिने, साधारण निम्मी कुत्री वर्ष पूर्ण करतात, पाचातलं एखादं दोन वर्षं. पाय न काढता फक्त औषधं, बहुतेक वेळा एक ते तीन महिने, आणि तिथे आयुष्य कॅन्सरने नाही तर वेदना आवरत नाही म्हणून संपवावं लागतं. मिडियन म्हणजे शंभरातली पन्नास त्याच्या आधी गेली आणि पन्नास त्याच्या नंतरही होती. भीमा कुठल्या पन्नासात हे कुणी सांगू शकत नाही. रक्तात अल्कलाइन फॉस्फटेज हे एन्झाइम वाढलेलं असेल तर अंदाज जरा वाईट होतो, तो आकडा रिपोर्टमध्ये बघून घ्या.

ऑपरेशनच्या आधी हे करून घ्या. छातीचे तीन बाजूंनी एक्स-रे झालेत का विचारा, उजवी कूस, डावी कूस आणि उताणा. एकाच एक्स-रेवर समाधान मानू नका. मग उरलेले तीन पाय: दुसरा कोपर, दोन्ही खुबे, दोन्ही गुडघे. रॉटवायलरमध्ये खुब्याचा आणि कोपराचा आनुवंशिक त्रास बराच असतो, गुडघ्यातला लिगामेंटही फाटतो. पाठीच्या मज्जातंतूंची तपासणी. ह्यातलं काही मोठं निघालं तर मात्र मी स्वतः पाय काढायला नाही म्हणतो.

आणि सगळ्यात साधी परीक्षा तुमच्या घरीच आहे. तो आत्ता तो पाय टेकवतो का? जवळजवळ टेकवत नसेल तर भीमा आजच तीन पायांवर चालतोय, वर चौथ्याचं ओझं आणि दुखणं घेऊन.

पातं का काढतात असं बरेच जण विचारतात. पाय नसला की तिथले स्नायू झिजतात आणि पात्याचा कोना कातडीखाली टोचत राहतो, म्हणून पुढचा पाय पात्यासकटच काढतात.

मालिश, लेप, गरम शेक, बाहेरून पट्टा आवळणं ह्यातलं काहीही करू नका, हाड मोडेल. घरातली आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक देऊ नका, कुत्र्यांना ती घातक आहेत. मेलॉक्सिकॅम चालू असताना कुणी स्टिरॉइड द्यायला लागलं तर त्यांना थांबवा, पोटात अल्सर होतात. तोपर्यंत वेदनेसाठी गॅबापेन्टिन जोडता येईल का हे डॉक्टरांना विचारा, आणि ऑपरेशन करणार नसाल तर झोलेड्रॉनिक अॅसिडबद्दल विचारा, सलाईनमधून देतात, हाड पोखरण्याचा वेग कमी करतं. जिना आणि गच्ची आजपासून बंद.


माळावरची
रविवार, सायंकाळी ६:३०

आम्ही नाही केलं. तेही लिहिलं गेलं पाहिजे म्हणून लिहितेय.

सुलतान, ग्रेट डेन, ६२ किलो, ७ वर्षं. खांद्याजवळचं हाड. डॉक्टरांनी मागचे एक्स-रे काढले तर दोन्ही खुबे खराब, शिवाय मानेच्या मणक्याचा त्रास आधीपासून होता, मागचे पाय चालताना झोकांड्या खायचे. सर्जन स्पष्ट म्हणाले हा तीन पायांवर उभा राहणार नाही. ऐकताना बरं वाटलं खरं सांगते, कारण निर्णय आमच्या हातातून गेला. नंतर त्या बरं वाटण्याचाच त्रास झाला.

औषधांवर ठेवला. गोळ्या दिवसातून तीन वेळा, पेढ्यात घालून. सात आठवडे. मी कालनिर्णयवर रोज रात्री खूण करायचे, चांगला दिवस असेल तर टिकली, वाईट असेल तर फुली. चांगला म्हणजे काय ते आधीच ठरवलं होतं आम्ही नवरा-बायकोने: स्वतःहून उठून दाराशी आला, जेवला, आणि गाडीचा आवाज ओळखून भुंकला. तीनपैकी दोन झालं तर टिकली. हे ठरवलं नसतं तर मी रोज काहीतरी कारण काढून टिकलीच लावली असती.

एका आठवड्यात चार फुल्या झाल्या तेव्हा डॉक्टरांना घरी बोलावलं. हाड मोडायच्या आधी. त्याच्या डोक्याखाली माझी मांडी होती आणि अंगणात ऊन होतं. मला त्याबद्दल अपराधी वाटत नाही. पाय काढणं म्हणजेच प्रेम आणि न काढणं म्हणजे हार असं कुणी तुम्हाला सांगायला लागलं तर ऐकू नका ताई.

पण भीमाचे बाकीचे पाय चांगले निघाले तर? तर मी तुमच्या जागी असते तर केलं असतं. सुलतानची ती रात्रीची धाप अजून कानात आहे. औषधांनी ती कमी व्हायची, जायची कधीच नाही.


ऊसवाला_७
रविवार, रात्री ९:५०

आमचं लॅब्रेडॉर, राणी, ३४ किलो, पुढचाच पाय. पाय काढला, केमो नाही केली. गावात सोय नाही, प्रत्येक वेळी गाडी करून मोठ्या शहरात न्यायचं आणि खर्च, जमलं नाही. साडेतीन महिने जगली. डॉक्टर वर म्हणतात त्यापेक्षा जरा कमीच.

ते साडेतीन महिने ती खुश होती. ऑपरेशनच्या पाचव्या दिवशी विहिरीपर्यंत गेली. आधीचे दोन महिने जी नुसती ओसरीवर पडून असायची ती परत शेतात यायला लागली, दुखायचं थांबलं हे डोळ्याला दिसत होतं, कुणी सांगायची गरज नव्हती.

चूक आमची एकच झाली, घरच्यांना मी नीट सांगितलं नाही. आईला वाटलं पाय गेला म्हणजे रोग गेला. मुलगी शाळेत सांगत फिरायची आमची राणी बरी झाली. मग राणी धापा टाकायला लागली तेव्हा त्या दोघींना जे झालं ते मला बघवलं नाही. तुमच्या घरात लहान मुलं असतील तर त्यांना आत्ताच सांगा की दुखणं थांबवायला पाय काढतोय आणि तो वर्षभरच असेल कदाचित. मुलांना कळतं, आपल्यालाच सांगवत नाही.

पैशाचं टेन्शन असेल तर परळच्या मुंबई (आधीचं बॉम्बे) व्हेटर्नरी कॉलेजच्या दवाखान्यात किंवा शिरवळच्या व्हेटर्नरी कॉलेजमध्ये चौकशी करा, सरकारी शिक्षणसंस्था आहेत. आम्हाला शिरवळचं उशिरा सुचलं.


जर्सीसिटी_मराठी
सोमवार, पहाटे ४:२०

इथे अमेरिकेत आम्हाला रेडिएशनचा पर्याय दिला होता म्हणून थोडक्यात. आमच्या रॉटीचं वय ११ होतं, पाय काढायचा नव्हता. वेदना कमी करण्यापुरतं रेडिएशन दिलं, दहा दिवसांत फरक पडला, साधारण तीन महिने चांगले गेले. पण एक धोका लक्षात ठेवा, दुखायचं थांबलं की तो त्या पायावर उड्या मारायला लागतो आणि हाड तर आतून तसंच कमकुवत असतं. आमच्याकडे शेवटी तेच झालं, हाड मोडलं. पाय वाचवून फक्त हाडाचा तुकडा बदलण्याचं ऑपरेशन पण इथे करतात, मनगटाच्या वरच्या जागेलाच जास्त, पण इन्फेक्शन फार होतं आणि त्याने आयुष्य वाढत नाही असं सर्जन म्हणाले, म्हणून आम्ही त्या वाटेला गेलो नाही.


गोदाकाठ
गुरुवार, रात्री १०:१०

सगळ्यांचे मनापासून आभार. प्रत्येक उत्तर घरात मोठ्याने वाचून दाखवलं.

सातारच्या डॉक्टरांनी सांगितलं तसं तीन बाजूंनी छाती परत काढली, स्वच्छ. उजवा कोपर चांगला. खुब्यांत डावीकडे थोडासा सैलपणा आहे, डॉक्टर म्हणाले ह्या वयाच्या रॉटवायलरला एवढं चालतं, गुडघे घट्ट आहेत. अल्कलाइन फॉस्फटेज नॉर्मलच्या आत. वजन मात्र तीन-चार किलो कमी करायला सांगितलंय, सासूबाईंनी त्याचं तूप बंद केलंय.

सासरे ह्या वेळी स्वतः आले दवाखान्यात. बैलाची गोष्ट त्यांनी डॉक्टरांनाही सांगितली. डॉक्टरांनी शांतपणे ऐकली आणि मग भीमाला कॉरिडॉरमध्ये चालवायला लावलं आणि म्हणाले, काका, फक्त डाव्या पायाकडे बघा. तो पाय टेकवतच नव्हता. नुसता टोकाने जमिनीला लावल्यासारखं करत होता. रोज सकाळी त्याला फिरवतात ते, पण साखळी धरून पुढे बघत चालतात ना, मागून कधी बघितलंच नव्हतं. घरी येईपर्यंत गाडीत काही बोलले नाहीत. रात्री जेवताना म्हणाले मॅट कुठे मिळतात ते बघून ठेव.

मंगळवारी ऑपरेशन आहे. दिवाळीच्या फटाक्यांच्या आत त्याला तोल सापडू दे एवढंच सध्या मागणं आहे, आवाज झाला की तो पळत पलंगाखाली शिरतो.

माळावरची ताई, तुमची टिकली-फुलीची पद्धत आम्ही आत्तापासूनच सुरू केलीय. चांगला दिवस म्हणजे काय ते चौघांनी मिळून लिहून फ्रिजवर लावलंय: जेवण, दारापर्यंत येणं, आणि घंटागाडीवर भुंकणं. पुढे फुफ्फुसात गेलंच तर तेव्हा भांडायला नको.


पशुवैद्य_सातारा
शुक्रवार, सकाळी ८:००

छान केलंत. भूल दिल्यावर, कापायच्या आधी मज्जातंतूंजवळ बधिर करणारं इंजेक्शन देणार का हे विचारून घ्या, त्याने ऑपरेशननंतरची वेदना खूप कमी राहते. पहिले दोन दिवस दवाखान्यात ठेवत असतील तर ठेवू द्या. घरी आणल्यावर आधारासाठी छातीला हँडल असलेला हार्नेस वापरा, मागच्या पायाच्या केसमध्ये चालतो तसा पोटाखालचा टॉवेल पुढच्या पायाला उपयोगी नाही. पण जखमेवर पट्टा घासत नाही ना ते बघा. गॅबापेन्टिन एकदम बंद करू नका, हळूहळू कमी करतात. नसलेल्या पायाच्या जागी कळ येऊन अचानक केकाटला तर घाबरू नका, पण आम्हाला कळवा, त्यावर औषध आहे.


गोदाकाठ
ऑपरेशननंतर १२ दिवसांनी, रविवार दुपार

कळवायला उशीर झाला, माफ करा.

ऑपरेशन नीट झालं. तुम्ही सगळ्यांनी सांगितलं नसतं तर पहिली रात्र मी सहन करू शकले नसते. रॉकीच्या बाबांनी लिहिलं होतं तसाच एका सुरात कण्हत होता, मी ते वाक्य नवऱ्याला परत परत वाचून दाखवत होते. दुसऱ्या रात्री झोपला. कित्येक आठवड्यांनी मी त्याला एका कुशीवर चार तास सलग झोपलेला बघितला, धाप नाही, जागा बदलणं नाही. सासूबाई दोनदा उठून श्वास चालू आहे ना बघून आल्या.

तिसऱ्या दिवशी उभा राहिला, दोन पावलं टाकून हनुवटीवर पडला, परत उठला. आठवड्यात अंगणापर्यंत. कालपासून फाटकापर्यंत एकटा जातो, पुढे झुकून उडी मारल्यासारखी चाल आहे, बघायची सवय व्हायला आपल्यालाच वेळ लागतो. गल्लीतले लोक हळहळतात तेव्हा सासरे त्यांना थांबवून हाड पोखरण्याबद्दल पाच मिनिटं समजावून सांगतात.

काढलेल्या हाडाचा रिपोर्ट आला, ऑस्टिओसार्कोमाच. शंका उरली नाही.

एक विचारायचं होतं. उजव्या पंज्याच्या बोटांमधली कातडी लाल झालीय, सारखी चाटतो. बूट घालू का? पहिला केमोचा डोस लांबेल का ह्याने?


पशुवैद्य_सातारा
रविवार, सायंकाळी ५:२५

बूट नको, घाम धरतो आणि पकड जाते. सगळा भार आता त्या एका पंज्यावर आहे, सुरुवातीला असं होतं. दिवसातून दोनदा कोमट पाण्याने धुऊन बोटांच्या मध्ये पूर्ण कोरडं करा, नखं परत बघा, फिरणं एका मोठ्या फेरीऐवजी पाच-पाच मिनिटांच्या चार फेऱ्या. पू किंवा वास असेल तर केमोआधी दाखवाच, कारण डोसनंतर दहा-चौदा दिवसांनी पांढऱ्या पेशी सगळ्यात खाली असतात, त्या वेळी इन्फेक्शन नको. टाके कधी काढतायत?


गोदाकाठ
रविवार, सायंकाळी ५:४०

उद्या सकाळी ९ ला. केमोआधीचं रक्त पण तिथेच घेणार आहेत. पंजा दाखवते, सीबीसी (रक्तपेशींचा रिपोर्ट) आला की इथे टाकते. आज टिकली आहे, घंटागाडीवर भुंकला.